सोळा पानांचं स्पॅनिश

ज्या माणसाला स्पॅनिशमध्ये साधा नमस्कार करता येत नव्हता, त्याच्याकडून मी स्पॅनिश शिकले. हसा, हसून घ्या. आमच्या जंगलाच्या गेटवरचे गाईडही हसले होते. 'तुमचं नाव काय' विचारता येत नाही, 'पाणी द्या' म्हणता येत नाही, दहापर्यंत आकडे मोजता येत नाहीत. पण समोरच्याला एखादी गोष्ट करू नका म्हणून सांगायचं असेल, तर काकाजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नव्हता. ओरडू नका, उतरू नका, पळू नका, खाऊ नका, बिडी ओढू नका. एवढंच त्यांचं स्पॅनिश, आणि ते मात्र पक्कं.

काकाजी एसटीचे रिटायर कंडक्टर. घर कारध्याला, म्हणजे भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की लगेच. रिटायर झाल्यावर माणसं घरी बसतात, शेतात लक्ष घालतात, लोकांच्या लग्नांत नाक खुपसतात. हे रोज सकाळी आंघोळ करून, खाकी शर्टाला इस्त्री करून भंडाऱ्याच्या बसस्टँडवर यायचे आणि सुटेल त्या गाडीत चढायचे. पास होता. बपेऱ्याची गाडी विशेष आवडीची, कारण लांब जाते. बपेऱ्याला उतरायचं, मध्य प्रदेशच्या हद्दीकडे तोंड करून एक कप चहा प्यायचा, की त्याच गाडीनं परत. काकी म्हणायच्या, "पगार बंद झाला ना बाप्पा, डिवटी काही बंद नाही झाली."

पुस्तकही त्यांना बपेऱ्याच्या गाडीतच सापडलं होतं, नोकरीत असताना. सीटखाली पडलेलं. इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं. पुढची पानं नाहीत, मागची नाहीत, मधली सोळा तेवढी शाबूत. दुसऱ्या कुणी त्यात भजी बांधली असती. काकाजींनी ते नियमाप्रमाणे डेपोत जमा केलं, पावती घेतली, मुदत संपेपर्यंत वाट पाहिली आणि कुणी मागायला आलं नाही म्हटल्यावर लेखी अर्ज देऊन सोडवून आणलं. डेपोतला बाबू म्हणाला म्हणे, "अगा, हे फाटकं पुस्तक असंच नेलं असतं तं कोन इचारत होतं?"

"मीच मले इचारलं असतं ना," काकाजी म्हणाले.

त्या सोळा पानांत एकच धडा पुरता होता. नियमित क्रियापदांपासून नकाराची आज्ञा कशी बनवायची. बाकीची, म्हणजे वाकडी चालणारी क्रियापदं पुढच्या पानापासून सुरू होणार, असं सोळाव्या पानाच्या तळाशी छापलेलं. ते पुढचं पान कुठं गेलं कोण जाणे. एकोणीस वर्षं हा माणूस तो एक धडा घोकत राहिला. कारध्याची कुत्रीही 'नो कोर्रान', म्हणजे पळू नका, म्हटलं की जागेवर बसतात, असं गावातली पोट्टी सांगत. एकदा काकी वैतागून म्हणाल्या, "दिवसभर हे नको अन् ते नको आयकून माहे कान किटले. या भाषेत 'हो' आहे का नाही?"

"असन," काकाजी शांतपणे म्हणाले. "पुढच्या पानावर असन."

मी एकदा त्यांना फोनवर स्पॅनिशचा फुकटचा कोर्स लावून दिला. हसऱ्या चेहऱ्याचा एक गोरा माणूस हात हलवून नमस्कार शिकवत होता. काकाजींनी पाचेक मिनिटं पाहिलं आणि फोन माझ्या हातात ठेवला.

"हा पहिलेच नमस्कार करून राहिला. अवं, गाडी कोनीबी चालू करन. ब्रेक कुठी आहे ते पहिले सांगाव लागते."

आता माझं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कंडक्टरच्या नादी कशाला लागली.

गाईड व्हायच्या आधी मी आईबरोबर दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, धानाची रोवणी करायला जायची. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून. रात्री पाठ सरळ होत नसे. मग आमच्या गावाजवळच्या जंगलात पर्यटकांसाठी गेट झालं, स्थानिक पोरापोरींना गाईडचं प्रशिक्षण मिळालं, आणि माझ्या गळ्यात फोटो लावलेला बिल्ला आला. तो बिल्ला घालून पहिल्या दिवशी उघड्या जिप्सीत उभी राहिले तेव्हा मला वाटलं, माझी पाठ आता कायमची सरळ झाली. पक्षी ओळखायला शिकले, वाघाचे पगमार्क ओळखायला शिकले. एकच गोष्ट जमेना. कुणाला नाही म्हणणं. आम्हाला लहानपणापासून हेच शिकवलेलं, की शहरातून आलेल्या माणसासमोर मान खाली घालायची.

एका सकाळी एक जोडपं सेल्फीसाठी जिप्सीतून खाली उतरलं. मी म्हणत राहिले, "सर, प्लीज, नका ना, मॅडम, प्लीज." त्यांनी चांगले पाच-सहा फोटो काढले आणि वर ते सगळ्या जगाला दाखवले. गेटवरच्या वनखात्याच्या साहेबांनी माझा बिल्ला महिनाभरासाठी काढून घेतला. "पुढच्या खेपेले तुह्या गाडीत कोनं नियम मोडला," ते म्हणाले, "तं हा बिल्ला कायमचा जमा. मंग जाय रोवनीले." बरोबरच होतं त्यांचं, पण इतकं झोंबलं की विचारू नका.

त्याच दिवशी भंडाऱ्याच्या ऑफिसात लेखी खुलासा देऊन मी बसनं घरी निघाले होते. पदराआड डोळे पुसत होते. पुढच्या सीटवर एक दांडगा माणूस बिडी पेटवून बसलेला. कंडक्टर पोरगा दोनदा येऊन गेला, काही बोलला नाही. तेवढ्यात मागच्या सीटवरून एक वाळका म्हातारा उठला, त्या माणसापाशी गेला आणि म्हणाला, "नो फूमे!"

भाषा कुणाला कळली नाही. पण त्या माणसानं बिडी खिडकीबाहेर फेकली आणि वर "सॉरी" म्हणाला. मी आ वासून पाहत राहिले. आवाज चढलेला नव्हता. चेहऱ्यावर राग नव्हता. नुसती एक खात्री होती, की हे आता होणार नाही. मी उठून थेट त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"काकाजी, हे असं बोलाचं मले शिकवा."

"काहून? तू कंडक्टर आहे का?"

मी सगळं सांगितलं. बिल्ला, साहेब, रोवणी, सगळं. त्यांनी खिशातून जुन्या तिकिटांच्या गठ्ठ्याची पाठकोरी पानं काढली आणि पेन उघडलं.

"लिव," म्हणाले.

असा आमचा वर्ग सुरू झाला. वर्ग म्हणजे चालती बस. बाकावर बसून शिकवणं त्यांना मान्य नव्हतं. "तुले जिप्सीत उभं राहून बोलाचं आहे ना? मंग उभी राय. दांडा धराचा नाही." गाडी खड्ड्यातून उडायची, मी सीटवर आपटायची, अन् हे वरून विचारणार, "'उतरणे' चं काय होते?" आज्ञा बनवायची रीतही त्यांची एसटीचीच.

"पहिले 'मी' चं रूप घे. 'हाब्लो', मी बोलतो. आता त्यातला 'ओ' खाली उतरव. उतरला? मंग उलटी सवारी बसव. मूळ क्रियापदाच्या शेवटी 'आर' असन तं 'ए' बसव. 'एर' नाही तं 'इर' असन तं 'आ' बसव. एक मानूस असन तं तेवढंच, जास्त असन तं वरून 'न'. सगळ्याच्या पुढं 'नो'. झालं तिकीट."

"पण 'मी' पासूनच काहून सुरू कराचं, काकाजी?"

"पहिले आपल्यापासून पाहाव, मंग लोकाईले नको म्हनाव. मी सोता बिडी ओढत होतो. 'नो फूमे' म्हनाले गेलो का जीभ अडखळे. सोडली बिडी, तवापासून नाही अडखळत."

गाडीतले लोक सुरुवातीला हसायचे. मग तेही सामील झाले. बाजाराला निघालेल्या बाया माझ्याआधी उत्तर द्यायच्या. वरठीची एक भाजीवाली तर 'नो तोमेन', म्हणजे घेऊ नका, हे असं ठणकावून म्हणायची की तिच्या टोपलीला कुणी हात लावला नाही.

काकाजी चुकत नव्हते असं नाही. पुस्तकात उच्चार नव्हते, त्यामुळे ते बोलण्याच्या क्रियापदाला 'हाब्लेन' म्हणायचे आणि उतरण्याच्या क्रियापदाला 'बाजेन'. मी फोनवर ऐकून सांगितलं, की काकाजी, तो एच बोलायचा नसतो आणि दुसऱ्यातल्या 'जे'ला 'ख' म्हणायचं असतं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्टँडवर मला पाहून म्हणाले, "मेला तो एच. एकोनीस वर्ष त्याले फुकट पगार देल्ला मी." आणि त्या दिवशी बपेऱ्यापर्यंत माझ्याकडून शंभरदा 'नो बाखेन' म्हणवून घेतलं. शिक्षा माझ्या चुकीची नव्हती, तरी मीच भोगली.

महिना संपला, बिल्ला परत मिळाला. लोक विचारतात, जंगलात स्पॅनिशचा काय उपयोग? रोजच्या पर्यटकांना मी अर्थातच मराठी-हिंदीतच सांगत होते. पण आता 'प्लीज, नका ना' बंद झालं होतं. उभी राहून, पोटातून, एकदाच सांगायची. लोक ऐकायचे. ज्या भाषेत मला कुणाची भीड नव्हती, तिच्यात नाही म्हणून म्हणून माझी मराठीतली भीडही मेली.

मग एके दिवशी खरंच ते लोक आले. कोलंबियाची दोन जोडपी, चौघं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला माझ्याच गाडीत. मी संध्याकाळीच कारध्याला फोन लावला.

"त्याईले बोलताना आयकाले भेटन का मले?" काकाजींनी विचारलं.

इतकी वर्षं एकाही स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाचा आवाज त्यांनी समोरासमोर ऐकलेला नव्हता. मी पाहुण्यांना मोडक्या इंग्रजीत विचारलं, साहेबांची परवानगी काढली, आणि रिकाम्या सीटवर काकाजींचं नाव लावलं. सकाळी बघते तर काकाजी गेटवर माझ्याआधी हजर. नवीन शिवलेला खाकी शर्ट, छातीच्या खिशाला पेन, पायात पॉलिश केलेले बूट.

गाडी सुटायच्या आधी मी पुढं उभी राहिले आणि सांगितलं, नो बाखेन, नो ग्रीतेन, नो फूमेन. उतरू नका, ओरडू नका, ओढू नका. चौघांचे चेहरे असे उजळले! टाळ्या वाजवल्या आणि मग शाळेतल्या पोरांसारखे चिडीचूप बसले. मागच्या सीटवरून काकाजींनी मान हलवली. रस्ताभर पाहुणे आपसांत हळू आवाजात बोलत होते आणि काकाजी डोळे मिटून कान देऊन बसले होते.

जंगलात एका बोडीपाशी, म्हणजे छोट्या तळ्यापाशी, ड्रायव्हरनं गाडी थांबवली. गवतातून वाघीण बाहेर आली आणि रस्त्यावर येऊन उभी राहिली. तीस पावलांवर. कुणी श्वासही सोडला नाही. कुणी हललं नाही, कुणी बोललं नाही. आणि मागून काकाजी ताडकन उभे राहिले.

"नो ग्रीतेन! नो बाखेन! नो आब्लेन!"

पुढच्या दारापासून मागच्या सीटपर्यंत पोचणारा तो तीस वर्षांच्या कंडक्टरीचा आवाज. अहो, कुणी ओरडत नव्हतं! कुणी उतरत नव्हतं! अख्ख्या जंगलात 'ओरडू नका' म्हणून ओरडणारा तेवढा एकच माणूस होता. वाघिणीचे कान मागे गेले. ती पोटाशी गुरगुरली आणि आमच्याकडे दोन पावलं आली.

"काकाजी, प्लीज, बसा ना," मी म्हटलं. तोच जुना आवाज निघाला, त्या सेल्फीच्या दिवसाचा. त्यांना तो ऐकूही गेला नाही. ते तसेच उभे, हात वर, "नो ग्रीतेन! नो ग्रीतेन!" मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. ज्यानं मला उभं राहायला शिकवलं तो माणूस.

"नो आब्ले," मी म्हणाले. तुम्ही बोलू नका.

मोठ्यानं नाही म्हटलं. एकदाच म्हटलं. काकाजींचा शब्द तोंडातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात खाली केला आणि बसले. वाघीण क्षणभर आमच्याकडे बघत राहिली, मग रस्ता ओलांडून बांबूत शिरली.

गेटवर परतलो तर बातमी आमच्या आधी पोचलेली. मागच्या गाडीनं आवाज ऐकला होता. साहेब टेबलावर रजिस्टर उघडून बसले होते.

"कोनं हल्लागुल्ला केला तुह्या गाडीत? नाव लिव. ज्याचं लिवशीन त्याले या गेटातून पुन्हा कधी जागा नाही. अन् नाही लिवलं तं बिल्ला इथी ठेव."

ड्रायव्हर माझ्या कानाशी आला. "फारिनवाल्याईपैकी एकाचं टाक ना वं. ते तं उद्या चालले. त्याईले काय फरक पडते?"

खरं सांगते, पेनाला हात लावायच्या आधी माझ्या मनातही तेच आलं होतं. पाहुणे तिकडे झाडाखाली पाणी पीत होते, आमच्याकडे बघून हसत होते. त्यांना कधी कळलंही नसतं. आणि काकाजींना पुन्हा कधी जंगलात यायचं झालं तर दार उघडं राहिलं असतं. मी साहेबांकडे पाहिलं, रजिस्टरकडे पाहिलं. एवढ्यात काकाजी पुढं आले. मला वाटलं, साहेबांना हात जोडतील. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्या हातात दिलं.

"पूर्न लिव," म्हणाले. "बापाचं नाव अन् आडनाव दोनी."

मी लिहिलं. लिहून झाल्यावर काकाजींनी रजिस्टर आपल्याकडे फिरवलं, बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचलं आणि म्हणाले, "तारीख राहिली." मी तारीख टाकली. साहेबांनी रजिस्टर मिटलं. बिल्ला माझ्या गळ्यात राहिला.

परतीच्या बसची वाट बघताना आम्ही दोघं गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलो. काकाजी म्हणाले, "एक शब्द नाही समजला वं."

"कायचा?"

"त्याईच्या बोलन्याचा. दोन घंटे कान लावून बसलो होतो. एक शब्द नाही. ते लोकं एकमेकाईले 'नको' म्हनतच नाहीत." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "मले वाटलं, वाघीन आली, आता तरी म्हनतीन. नाही म्हटलं. मंग मीच म्हटलं." ते हसले, पण मला तेव्हा रडू आलं, आणि मी रडले.

पुढं साहेब बदलले. नवे साहेब म्हणाले, म्हाताऱ्या माणसावर कायमची बंदी कशाला, मी खोडून टाकतो. मी धावत बसस्टँडवर गेले. काकाजी बपेऱ्याच्या गाडीत खिडकीशी बसलेले.

"कोनं लिवलं होतं ते?" त्यांनी विचारलं.

"मीनं."

"खोटं होतं का?"

"नाही."

"मंग खोडाचं नाही."

"अन् तुमाले पुन्हा त्याईचं बोलनं आयकाचं नाही का?" मी चिडूनच विचारलं.

"आयकाचं तं लय आहे वं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. गाडी सुटली.

मग मीही हट्टाला पेटले. माणूस आत येणार नाही ना, ठीक आहे. तेव्हापासून स्पॅनिश बोलणारे पाहुणे यायचे कळलं की मी कारध्याला फोन करते आणि पाहुण्यांना फेरी संपल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर चहाला थांबवते. काकाजी पहिल्या गाडीनं येतात, बाकावर बसतात, डोळे मिटून ऐकतात. बॅरिअरच्या आत एक पाऊल टाकत नाहीत. आणि दर वेळी जाताना मान हलवतात. काही समजलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एक कुटुंब आलं होतं. आई, बाप आणि चारेक वर्षांची झिपरी पोरगी. मोठी माणसं चहा पीत होती आणि पोरगी कोंबड्यांमागे टपरीभोवती घिरट्या घालत होती. रस्त्यावरून ट्रॅक्टर येत होता. पोरगी कोंबडीमागे सुसाट रस्त्याकडे निघाली आणि तिची आई कप टाकून उठली.

"नो कोर्रास!"

काकाजींनी डोळे उघडले. अंगावर चहा सांडला त्यांच्या, कळलं नाही. माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"पळू नोको! ते पळू नोको म्हनून राहिली! समजलं वं मले, समजलं!"

पोरगी रस्त्याच्या कडेला एक पाय उचललेला तसाच ठेवून उभी होती. ट्रॅक्टर धूळ उडवत समोरून गेला. काकाजींच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते तिच्याकडे बोट दाखवून मला हलवत होते.

"पाह्य, पाह्य, थांबली! खरीखुरी भाषा आहे वं ते!"